दिवाळीसाठी घरच्या बातम्यांचा १६ पानी अंक: कागद, छपाई, शिवण आणि पोस्टाबद्दल विचारायचंय

तलावपाळीची_खार (नौपाडा, ठाणे)

नमस्कार मंडळी. यंदा फराळाच्या डब्याबरोबर नातेवाइकांना घरचा एक अंक द्यायचा बेत आहे. वर्षभरातल्या घरच्याच बातम्या, पण थाट वर्तमानपत्राचा. मजकूर बराचसा तयार आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर आजीला सगळ्या खोल्यांमधली जळमटं दिसू लागली, त्याचा विशेष प्रतिनिधीकडून आलेला वृत्तांत. बाबांच्या गॅलरीतल्या मिरच्यांचा पीकपाणी अहवाल (एकूण उत्पादन: एका वरणाची फोडणी). जुन्या मिक्सरला श्रद्धांजली. मधल्या पानांवर माझं सध्याचं काम, म्हणजे नौपाड्यातल्या जुन्या इमारतींच्या खिडक्यांच्या ग्रिलची शाईतली रेखाटनं.

ए-फाइव्ह आकार, १६ पानं, ३० प्रती. घरी प्रिंटर नाही, बाहेरूनच छापून आणणार. प्रश्न असे:

कागद कोणता घ्यावा? आत काळंपांढरं आणि फक्त कव्हर रंगीत, एवढ्यावर भागेल का? पीडीएफ केली की जोडाक्षरं सुटी होतात, वेलांट्या भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात, ते का? आणि बांधणी स्टेपलरनं करू की दोऱ्यानं?

खिळेजुळारी (वागळे इस्टेट)

कागद आधी ठरव, मजकूर त्याच्या मापानं काप. १६ पानं म्हणजे ए-फोरचे ४ कागद मधोमध दुमडून. कव्हर वेगळं हवं असेल तर पाचवा, जाड. पानं चारच्याच पटीत वाढतात. मजकूर १८ पानांचा झाला तर दोन पानं उडव, नाहीतर २० कर.

३० प्रतींसाठी ३५चा हिशेब धर, पाच वाया जातातच. आतले १४० कागद, दोन्ही बाजूंचे मिळून २८० छाप. कव्हर आतून कोरं ठेवलंस तर रंगीत छाप फक्त ३५. दुकानात 'बुकलेट केवढ्याला' असं विचारू नकोस, 'एका बाजूचा छाप केवढ्याला आणि कागद आमचा आणला तर किती' असं विचार. ऑफसेटच्या वाटेला जाऊ नकोस, ३० प्रतींत प्लेटचाच खर्च अंगावर येतो. डिजिटल लेझर बास.

काळंपांढरं नुसतं भागेल असं नाही, तेच जास्त चांगलं दिसेल. शाईची रेखाटनं लेझरवर खणखणीत उठतात. रंगाचा हट्ट कव्हरपुरता ठेव.

झेरॉक्सचा नेहमीचा ७०-७५ जीएसएम (एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन) कागद दोन्ही बाजूंनी छापला की मागचं पुढे दिसतं, आणि ग्रिलसारख्या गच्च रेघांच्या चित्रांत तर फारच. आत १०० जीएसएम घे. नॅचरल शेडचा, किंचित पिवळसर मिळाला तर उत्तम, आजीच्या डोळ्यांनाही बरा. कव्हर २१० ते २५० जीएसएम. हातकागद लेझर मशीनमध्ये घालायचा मोह टाळ. त्याचे तंतू सुटून आत अडकतात आणि दुकानदार तुला पुन्हा दारात उभं करणार नाही.

पानांची मांडणी. चार कागद एकात एक घालून दुमड, पेन्सिलनं १ ते १६ आकडे टाक आणि उलगडून बघ. सगळ्यात बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ आणि १, मागे २ आणि १५. पुढच्यावर १४-३, मागे ४-१३. मग १२-५ आणि ६-११. सगळ्यात आतल्यावर १०-७, मागे ८-९. शेजारच्या दोन आकड्यांची बेरीज दर वेळी १७ आली पाहिजे, नाही आली तर कुठेतरी गफलत आहे. ८-९ हा एकच सलग पसरट कागद मिळतो, तुझं सगळ्यात मोठं ग्रिल तिथे टाक. बाकी कुठल्याही जोडपानावर चित्र दोन वेगळ्या कागदांवर तुटतं आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटरनं सरकतंच.

ही जुळवणी हातानं करायची गरज नाही. पीडीएफ साधी, १ ते १६ क्रमानं बनव. अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'बुकलेट' नावाचा पर्याय आहे, तो आपोआप जुळवतो. मशीनवर दोन्ही बाजू छापताना 'शॉर्ट एज'वर उलट करायला सांग. 'लाँग एज' राहिलं की मागची पानं डोक्यावर उभी येतात. म्हणून आधी एकच प्रत काढ, दुमड, पानं उलटून बघ, आणि मगच बाकीच्या ३४ सोड.

कडा: बहुतेक मशीन कागदाच्या काठाला ४-५ मिमी छापत नाहीत. चित्र काठापर्यंत भिडवायचं असेल तर १३ बाय १९ इंची कागदावर चारी बाजूंनी ३ मिमी जास्तीचं चित्र ठेवून छापायचं आणि कापायचं. खर्च वाढतो. त्यापेक्षा १२ मिमीचा पांढरा समास ठेव, ग्रिलला चौकट आयतीच मिळेल.

रेखाटनं ६०० डीपीआयवर ग्रेस्केल स्कॅन कर. मोबाइलनं फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचे असतील तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठव, नाहीतर रेघा दाबल्या जाऊन काठ धुरकट होतात. पेन्सिलीची फिकट रेघ लेझरवर उठत नाही, ती ०.३ किंवा ०.५च्या काळ्या पेनानं गिरव. पाणी मारलेल्या करड्या छटा असतील तर त्यांचे ठिपके कर. गिंप या चित्रांच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये 'न्यूजप्रिंट' फिल्टर आहे, आणि वर्तमानपत्राचा थाट तुला हवाच आहे.

आता कव्हर. लेझरची शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लास्टिकची भुकटी. घडीवर गडद रंग असला की तिथे तडा जाऊन पांढरी रेघ दिसते. घडीच्या दोन्ही बाजूंना रंग फिका ठेव आणि दुमडण्याआधी दुकानातून क्रीजिंग करून घे. मशीन नसेल तर स्टीलच्या पट्टीला लावून संपलेल्या बॉलपेनानं घडीच्या जागी खाच पाड आणि मग दुमड.

दिवस मोजून काम कर. दसरा ते दिवाळी जेमतेम वीस दिवस मिळतात. त्याआधी दुकानांत मंडळांच्या वर्गणीची पावतीपुस्तकं आणि बॅनर असतात, नंतर दिवाळीची भेटकार्डं. फाइल दसऱ्याआधी तयार पाहिजे.

वेलांटी_ते_उकार (ऐरोली)

जोडाक्षरांचं सांगतो. देवनागरीत अक्षरं नुसती ओळीनं ठेवून चालत नाहीत. 'कि'मधली वेलांटी टाइप होते क-नंतर आणि दिसायला हवी आधी. ही उलटापालट करणारी यंत्रणा सॉफ्टवेअरमध्ये बंद असली की तू म्हणतेस तसं होतं. दोष फाँटचा नसतो.

पानं मांडायला इनडिझाइन वापरत असशील तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोजर' निवड. स्क्रायबस असेल तर १.६ घे, जुन्या १.४मध्ये देवनागरी धड बसत नाही. इंकस्केपमध्ये हा त्रास नाही, पण १६ पानांचा मजकूर त्यात बसवणं म्हणजे शिक्षा. फुकटात आणि सुखात करायचं तर लिबरऑफिस रायटर: पान ए-फाइव्ह, फाँट युनिकोड, आणि पीडीएफ एक्स्पोर्ट. दुकानात .डॉक्स फाइल चुकूनही नेऊ नकोस. त्यांच्या संगणकावर तुझा फाँट नसतो, दुसराच चढतो आणि सगळी पानं सरकतात. पीडीएफमध्ये फाँट आत घेतलेला असतो.

बाबांनी किंवा काकांनी जुन्या श्रीलिपीत (युनिकोड नसलेल्या फाँटांत) टाइप केलेला मजकूर दिला असेल तर तो युनिकोडमध्ये बदलून मगच घे. बदलल्यावर रफार आणि 'ऱ्य' डोळ्यांत तेल घालून तपास, कारण 'दुसऱ्या', 'पुऱ्या', 'सुऱ्या' तिथेच फसतात. फराळाच्या अंकात पुऱ्या बिघडलेल्या बऱ्या दिसत नाहीत.

फाँट. मजकुराला तिरो देवनागरी मराठी घे, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे आहेत. हिंदी वळणाचा दंडवाला ल मराठी मजकुरात डोळ्याला खुपतो. नोटो सेरिफ देवनागरी वापरलास तर मजकुराची भाषा 'मराठी' अशी नेमून दे, मग ल-श बदलतात. मथळ्यांना बलू किंवा मुक्ता, दोन्ही 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे आणि दोन्ही फुकट.

मापं: वाचणाऱ्यांत साठीच्या पुढची माणसं असतील तर १४ पॉइंट आणि ओळींमधलं अंतर २०-२१. इंग्रजीच्या सवयीनं १४ला १७ ठेवलंस तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. ए-फाइव्हवर दोन रकाने आणि १४ पॉइंट हे गणित जमत नाही, ओळीत तीन-चार शब्द मावतात आणि मध्ये भगदाडं पडतात. वर्तमानपत्राचा थाट मथळ्यात आण, मजकूर एकाच रकान्यात ठेव आणि डावीकडून सरळ लाव. उजवी कड ताणून सरळ करायला जाऊ नकोस.

एकपानी (घणसोली)

थोडं वेगळं मत. बातम्या जर तिखटमीठ लावलेल्या आणि छोट्या असतील तर १६ पानांत त्या पातळ होतात. मिरचीचा पीकपाणी अहवाल चार ओळींत हसवतो, दीड पानात नाही. एका ए-फोरचा आठ पानी घडीअंक कर: शिवण नाही, पिना नाही, छपाई एकाच बाजूला.

कागद आडवा धर. चार रकाने, दोन ओळी, असे आठ चौकोन. प्रत्येक साधारण ७४ बाय १०५ मिमी. खालच्या ओळीत डावीकडून ६, ७, ८, १. वरच्या ओळीत डावीकडून ५, ४, ३, २, पण ही चारही पानं उलटी, डोकं खाली. १ म्हणजे मुखपृष्ठ, ८ म्हणजे मलपृष्ठ. चारही घड्या (तीन उभ्या, एक आडवी) आधी नीट मोडून घे. मग कागद रुंदीत अर्धा दुमड आणि दुमडलेल्या बाजूकडून आडव्या घडीवर फक्त मधल्या खुणेपर्यंत काप. उलगड, लांबीत दुमड, दोन्ही टोकं आत ढकल. मध्ये चौकोन उघडतो आणि मिटतो, पुस्तक तयार.

मागची बाजू कोरी राहते. तिथे एक ग्रिल पूर्ण ए-फोरभर छाप. अंक वाचून झाला की उलगडून भिंतीवर लावता येईल. इथे मात्र १०० जीएसएमपेक्षा जाड कागद नको, घड्या फुगतात. आणि अक्षर ११ पॉइंटच्या वर बसत नाही, त्यामुळे आजीची प्रत मोठी करून वेगळी काढ.

तलावपाळीची_खार

वा! एकपानी, बेत झकास आहे, पण काकूंनी फोनवर लिहून दिलेल्या दोन पाककृती आणि आजोबांची जुनी पत्रंही घ्यायची आहेत, म्हणून १६वरच राहते. बहिणीच्या पुण्याच्या हॉस्टेलच्या बातम्यांची मात्र घडीपुरवणी करीन.

आता बांधणी? आणि कव्हरवर प्रत्येक प्रतीत एक लाल ठसा हातानं मारायचा आहे, खोडरबर कोरून. तो जमेल का?

गोधडीचा_टाका (नेरूळ)

दोराच घे गं. आपल्याकडच्या दमट हवेत लोखंडी पिना दोन पावसाळ्यांत गंजतात आणि घडीपाशी तपकिरी डाग पसरतो. शिवाय घरातला १० नंबरचा स्टेपलर ए-फाइव्हच्या घडीपर्यंत पोचतच नाही.

तीन भोकांचा टाका पुरतो. पाठीची उंची २१० मिमी, भोकं वरून ३०, १०५ आणि १८० मिमीवर. एका जाड कागदाच्या पट्टीवर या तीन खुणा करून तीच पट्टी प्रत्येक प्रतीच्या घडीत ठेव, म्हणजे ३० वेळा मोजावं लागत नाही. आतले चार कागद आणि कव्हर एकत्र घडीत बसव, उघडं ठेवून खाली थर्माकोल घे आणि आतून बाहेर टोचून काढ. टोचणी किंवा बारीक दाभण चालेल. जाड दाभणाचं भोक मोठं होतं आणि टाका हलतो.

दोरा गोधडीचा, सुती, एका प्रतीला ५५ सेंमी. मेणबत्तीवरून दोनदा ओढून घे, मग गुंतत नाही आणि गाठ सरकत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, शेपटी ८ सेंमी आत ठेव. बाहेरून वरच्या भोकातून आत. आतून मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर. बाहेरून परत मधल्या भोकातून आत. आता आत एक लांब आडवा दोरा दिसेल. दोन्ही शेपट्या त्याच्या दोन बाजूंना आल्या पाहिजेत. एकाच बाजूला आल्या तर गाठ त्याला पकडत नाही आणि टाका सैल पडतो. दोरा घडीच्या दिशेनं ओढून घट्ट कर. कागदापासून वर, काटकोनात ओढलास की भोक फाटतं. मग चौकोनी गाठ, शेपट्या दीड सेंमीवर काप.

शिवल्यावर आतली पानं बाहेरच्यांपेक्षा जराशी पुढे येतात. स्टीलची पट्टी दाबून धर आणि धारदार कटरनं एकाच रेषेत पाच-सहा हलके वार कर. एका वारात कापायला गेलीस तर शेवटची पानं तिरकी होतात. म्हणून पानांचे आकडे बाहेरच्या काठापासून १० मिमी तरी आत ठेव.

घडीबद्दल एक. बाजारातल्या ए-फोरचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेनं जातात, त्यामुळे ए-फाइव्हची घडी तंतूंना आडवी पडते, कागद फुगतो आणि अंक आपोआप उघडतो. शिवून झालेल्या प्रती दहा-दहाच्या गठ्ठ्यानं, पाठी आलटून पालटून, पाटाखाली दोन दिवस ठेव. वर वरवंटा. पाट्याचं काम मिक्सरनं नेलं तरी एवढ्यासाठी तो उपयोगी आहे, आणि तुमचा मिक्सर तर निवर्तलाच आहे.

ठशाचं: साधा पांढरा खोडरबर, कोरताना कटर बाहेरच्या बाजूला कलता धर, म्हणजे अक्षराचा पाया रुंद राहतो. अक्षर आरशातलं कोरायचं. ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलनं लिही, पालथा घालून नखानं घास, उलटं अक्षर रबरावर उतरतं. देवनागरीत शिरोरेषा आधी सोडून बाकीचं कोर, ती सगळ्यात शेवटी, नाहीतर पातळ होऊन तुटते. आणि कव्हरचा कागद चकचकीत नको. त्यावर पाण्याची स्टँपपॅड शाई वाळतच नाही, हात लागला की फासली जाते. बिनचमकीचं कार्ड घे, आणि ठसा शिवण्याआधी, सपाट कव्हरवरच मार.

पाकीटबंद (कासारवडवली)

पोस्टाचं कुणी बोललं नाही म्हणून. १०० जीएसएमचा एक ए-फोर साधारण सव्वासहा ग्रॅमचा, चार मिळून २५. कव्हर २५० जीएसएमचं, साडेपंधरा. म्हणजे अंक ४०-४१ ग्रॅम. स्पीड पोस्टाचा पहिला टप्पा ५० ग्रॅमपर्यंत आहे, तेव्हा पाकीट ८ ग्रॅमच्या आत बसलं पाहिजे. बबल पाकीट घेतलंस की पुढच्या टप्प्यात गेलीस. साधं तपकिरी कागदाचं पाकीट घे आणि ठसा-शिवण झालेली एक प्रत पाकिटासकट स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोल. काठावर येत असेल तर कव्हर २१०चं कर, अडीच ग्रॅम तिथेच वाचतात. रजिस्टर पोस्ट २०२५मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालंय, त्यामुळे खिडकीवर वेगळं 'रजिस्टर पोस्ट' मागत बसू नकोस.

प्रती पारदर्शक पीव्हीसी फोल्डरमध्ये भरू नकोस. उन्हात तापला की लेझरची शाई त्याला चिकटते आणि पान उलटताना अक्षरं फोल्डरवर राहतात. फराळाच्या डब्याबरोबर देणार असशील तर वेगळ्या कागदी पाकिटात दे, चकलीचं तेल १०० जीएसएम सहज ओलांडतं.

आडवे_उभे (सीवूड्स)

अजून अर्धं पान शिल्लक असेल तर घरचं शब्दकोडं टाक, ते सगळ्यात आधी वाचलं जातं. एका घरात एक अक्षर, मात्रा आणि जोडाक्षरासकट, म्हणजे 'चक्की'ची दोनच घरं. ७ बाय ७ची चौकट पुरते. आधी चार-पाच लांब शब्द बसव (गावाचं नाव, आजीची पेटंट शिवी, कुत्र्याचं लाडाचं नाव), मग मधली भर. जिथे दोन शब्द एकमेकांना छेदतात तिथे अक्षर मात्रेसकट तेच हवं, 'की' आणि 'कि' चालत नाहीत, आणि घरच्या कोड्यांत बहुतेक भांडणं यावरूनच होतात. ए-फाइव्हवर घर १२ मिमीचं ठेव, त्याहून लहान घरात ज्येष्ठांचं अक्षर मावत नाही.

आजीचा मजकूर मोबाइलवर रेकॉर्ड करून घे आणि तिच्याच शब्दांत छाप. 'माळ्यावर उंदरांनी संसार थाटलाय' याचं 'उंदरांचा प्रादुर्भाव' करू नकोस. कुणाच्या आजारपणाची, पगाराची किंवा लग्न जुळवण्याची बातमी असेल तर ते पान त्या माणसाला आधी दाखव. ऑपरेशनच्या वृत्तांताला आजीची मंजुरी घेतली आहेस ना?

तलावपाळीची_खार

घेतली. तिची एकच दुरुस्ती आहे: जळमटं 'सगळ्या खोल्यांत' नव्हती, फक्त माझ्या खोलीत होती, तसंच छापायचं म्हणते.

कागद शनिवारी आणते. पाऊस अजून पुरता गेलेला नाही, तर रिम आधीच फोडून ए-फोर मोजून ठेवले तर चालतील?

खिळेजुळारी

नको. दमट हवेत उघडा कागद पाणी ओढतो, मशीनच्या गरम रुळाखाली ते उडतं आणि कागद लाटांसारखा वळतो, मग दोन-दोन कागद एकदम आत खेचले जातात. रिम दुकानातच, मशीनसमोर फोड. उरलेला कागद त्याच वेष्टनात घालून तोंडाला टेप लाव, आणि आडवा ठेव, उभा नको.